‘शेजार’ची सेवानिवृत्ती

‘शेजार’ या शब्दाचा अर्थ सेवानिवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभाला तिघेच जण हजर होते. एक देवरुखकर मॅडम. त्या मोहरगाव नगरपालिकेच्या शब्द विभागाच्या प्रमुख असल्यामुळे त्यांना टाळता आलं नाही. दुसरा ‘भयंकर’चा जुना अर्थ. लोक हल्ली भयंकर गोड आणि भयंकर सुंदर म्हणायला लागल्यापासून त्याच्याकडे काम उरलेलं नाही, त्यामुळे जिथे सामोसा तिथे तो असतो. आणि तिसरे भालचंद्र ओतारी. त्यांनी याच विभागात आस्थापनेच्या टेबलावर उभी हयात काढली होती, आता ते घरी बसून होते, आणि केवळ आपुलकीपोटी आले होते.

मराठीतले शब्द नगरपालिकांमध्ये वाटून दिलेले आहेत, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. वजनदार शब्द मोठ्या शहरांनी आधीच उचलले. मोहरगावच्या वाट्याला घरगुती माल आला: वाटी, उंबरा, पाहुणा, उसनं, शेजार. प्रत्येक शब्द म्हणजे एक पद आणि त्या पदावर एक अर्थ नेमलेला. अर्थ म्हातारा होतो, शब्द होत नाही. ‘तार’वर निरोप पोचवणारा जो अर्थ होता, तो असाच एके दिवशी शाल-नारळ घेऊन गेला, आता सासुरवाडीला राहून डाळिंबं लावतो म्हणे. ‘शहाणा’चा मूळ अर्थ अजून नोकरीत आहे, पण त्याचं टेबल जिन्याखाली गेलंय आणि वरच्या खुर्चीत दुसराच कोणी बसतो. कोणाचं काही अडत नाही.

‘शेजार’चा अर्थ हा बुटकासा गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात सपाता, आणि हातात कायम काहीतरी झाकून आणलेलं. बेल न वाजवता आत यायची त्याला खोड होती, आणि आल्यावर आधी स्वयंपाकघरात डोकवायचीही. त्याच्याविरुद्ध तक्रार अशी कोणाचीच नव्हती. मात्र पाहणीत असं आढळलं की शब्द भरपूर वापरात आहे, पण तो उच्चारला जातो तेव्हा अर्थ तिथे नसतो, कारण त्याला कोणी बोलावलेलंच नसतं. “शब्द चालू, अर्थ गैरहजर,” असा शेरा पडला, आणि एकदा शेरा पडला की विभागात मागे फिरायची पद्धत नाही.

“यांनी कधी वेळ-अवेळ पाहिली नाही,” देवरुखकर मॅडम भाषणात म्हणाल्या. “खरं सांगायचं तर यांच्याबद्दलचा मुख्य आक्षेप तोच होता.”

मग त्यांनी सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला सांगितलं. अर्थ उभा राहिला, “काही लागलं तर हाक मारा,” म्हणाला आणि बसला.

“कोणत्या नावाने?” मॅडमनी विचारलं. “नाव तुम्हाला आज जमा करावं लागेल. शब्द पदाकडे राहतो.”

“हो, तेही आहेच,” अर्थ म्हणाला. त्याने नाव काढून टेबलावर ठेवलं, नारळ तिथल्या तिथे फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. ‘भयंकर’ने दोनदा घेतलं.

ओतारी घरी निघाले ते पाय ओढत. रीतसर निवृत्तीबद्दल वाईट वाटून घेणारा हा माणूस नव्हे. असे कितीतरी अर्थ त्यांनी स्वतःच्या हातांनी मोकळे केले होते. पण या वेळी त्यांना भीती वाटत होती, आणि ती स्वतःच्या जिवाची होती.

त्याचं असं झालं होतं. ‘स्वप्नपूर्ती’च्या दुसऱ्या मजल्यावर ओतारी एकटे राहत. त्यांना अधूनमधून चक्कर येई. मागच्या थंडीत ते न्हाणीघरात पडले, आणि पलीकडच्या ब्लॉकमधल्या सरोज खैरेने दुसऱ्या किल्लीने दार उघडून त्यांना उचललं म्हणून ते वाचले. डॉक्टरांनी औषधापेक्षा किल्लीवर जास्त भर दिला. “आतून कडी घालायची नाही, आणि एक किल्ली कायम शेजारी. हा नियम मोडलात तर माझ्याकडे येऊ नका. येऊ शकणारही नाही.” तेव्हापासून ती किल्ली सरोजच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली असे. थोडक्यात ओतारींचा जीव त्या खिळ्याला टांगलेला होता, आणि खिळा ‘शेजार’च्या भरवशावर होता.

आणखी एक वस्तू होती. ‘सौ. विमल भा. ओतारी’ असं नाव घातलेली एक स्टीलची वाटी. विमलताईंनी ती कधीतरी पंचखाद्य घालून सरोजकडे पाठवली, सरोजने तीत आमटी घालून परत केली, आणि तेव्हापासून ती वाटी अशी एका जागी टिकलीच नाही. रिकामी ती कधी गेली नाही की आली नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर, पण रिकामी नाही. विमलताई गेल्यावर ओतारींनी तो क्रम चालू ठेवला. त्यांना शेंगदाण्याची चटणी सोडून काही येत नव्हतं. खैऱ्यांच्या घराने वर्षानुवर्षं ती चटणी खाल्ली आणि चकार शब्द काढला नाही. समारंभाच्या दिवशी वाटी खैऱ्यांकडे होती.

एक तारखेला नवा अर्थ रुजू झाला आणि सकाळीच ओतारींच्या दाराची बेल वाजली. सरोज होती. तिने आजवर बेल वाजवलेली नव्हती, “नाना, आहात का?” म्हणत ती सरळ आत यायची आणि ओतारी आहेत की नाहीत हे आत येऊन पाहायची.

“नमस्कार, ओतारी सर,” ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली.

ओतारींनी मागे वळून पाहिलं. ‘सर’ म्हणावं असं घरात कोणी नव्हतं.

“ही तुमची किल्ली. चुकून आमच्याकडे राहिली होती.”

“चुकून कशी, सरोज? मागच्या थंडीत तूच नाही का मला उचललंस?”

“ते आठवतंय मला,” सरोज म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तुटकपणाही नव्हता. मन लावून काही शोधावं तसा चेहरा होता. “दार उघडलं, तुम्हाला धरून बसवलं, सगळं आठवतंय. पण मी कशाला आले होते ते आठवत नाही. दुसऱ्याच्या घरात अशी घुसले मी! मला आता ओशाळल्यासारखं होतंय. सॉरी हं.”

“अगं, सॉरी काय?”

“आणि तुमची स्कूटर थोडी डावीकडे घ्याल का? आमची गाडी निघत नाही.”

ओतारींनी किल्ली घेतली. ती त्यांच्या तळहातावर गार पडली होती. सरोज वळली, मग अडखळून थांबली.

“तुमची वाटी पण आहे माझ्याकडे. तीही देणार होते. हातात घेतली, दारापर्यंत आले आणि परत ओट्यावर ठेवली.”

“का गं?”

“रिकामी होती हो,” सरोज म्हणाली. हे कारण तिचं तिलाच पटलेलं दिसलं नाही, पण तिच्याकडे दुसरं नव्हतं. “बघू नंतर,” असं म्हणून ती गेली.

दुपारी पुण्याहून मुलीचा फोन आला. क्षमा रोज फोन करी आणि रोज तेच विचारी: गोळ्या घेतल्या का, कडी लावली नाही ना, किल्ली आहे ना. ओतारींनी सांगितलं की किल्ली परत आली.

“कोणाकडून?”

“शेजाऱ्यांकडून.”

“शेजाऱ्यांकडे कशी गेली होती? बाबा, शेजाऱ्यांचा आपल्या किल्लीशी काय संबंध? काही गळतीबिळतीचा वाद चाललाय का तुमचा?”

नव्या अर्थाचा अंमल पुण्यापर्यंत पोचला होता. मोहरगावचे शब्द सगळीकडे चालतात. ओतारींनी फोन ठेवला आणि चपला घालून तडक नगरपालिका गाठली.

देवरुखकर मॅडमनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि नव्या अर्थाची ओळख करून दिली. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अदबशीर. छातीवर पाटी: ‘शेजार (कंत्राटी)’.

“आपल्या कामाचं स्वरूप काय?” ओतारींनी विचारलं.

“एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या व्यक्ती,” नवा अर्थ म्हणाला. “भिंत, आवाज, गळती आणि गाडी लावण्याची जागा. एवढ्यात काहीही अडचण आली तर मी हजर असतो. दिवस असो, रात्र असो.”

“आणि कोणाला चक्कर आली तर?”

“आवाज झाला तर माझ्याकडे येतं,” त्याने विचार करून सांगितलं. “नुसती चक्कर माझ्याकडे येत नाही.”

माणूस चांगला होता. तोच तर त्रास होता. भांडायला कोणी हाती लागत नव्हतं. ओतारी मॅडमकडे वळले. “जुन्यांना परत घेता येणार नाही का? पुनर्नियुक्तीची तरतूद मीच लिहिली आहे.”

“तरतूद आहे, पण पद मोकळं हवं. हे तर भरलेलं आहे.” मॅडमनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. “दुसरा शब्द मिळाला तर ते त्याच्यावर येऊ शकतात. पण शब्द मी देऊ शकत नाही. लोकांनी आधी वापरला पाहिजे. आपण नंतर कायम करतो.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत शब्दाविना काम करायला त्यांना मनाई नाही. शब्दाविना केलेलं काम विभागाला दिसतच नाही, मनाई कशाला करू? फक्त आपण होऊन सुरुवात करायची नाही. निवृत्तांचा नियम आहे. कोणी हाक मारली तर जायचं.”

जुना अर्थ बाहेर बाकावरच बसलेला होता, मांडीवर शाल आणि शेजारी एक झाकलेला डबा. क्वार्टर शब्दाच्या नावावर असल्यामुळे त्याला ती सोडावी लागली होती. ओतारींच्या मजल्यावर जिन्याच्या पलीकडे समोरचा ब्लॉक कधीचा रिकामा होता आणि मालक भाडेकरूच्या शोधात होता. ओतारींनी तिथेच फोन लावून दिला. संध्याकाळपर्यंत जुना अर्थ समोर राहायलाही आला. त्याच्या आणि ओतारींच्या घरांमध्ये अख्खा जिना होता, एकही भिंत सामाईक नव्हती, त्यामुळे नव्या व्याख्येने ते एकमेकांचे कोणीच नव्हते.

ओतारींनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याने ती आनंदाने घेतली, पण लगेच म्हणाला, “तुम्ही हाक मारलीत तर येईन. आपण होऊन दार उघडता येणार नाही मला.”

“हाक काय मारू? नाव तर जमा केलंत.”

“तेच म्हणतो मी,” जुना अर्थ म्हणाला.

दोघं बराच वेळ जिन्यात उभे राहिले. ओतारींनी एकदोनदा तोंड उघडून पाहिलं. जुना शब्द जिभेवर आणला की खालून इस्त्रीचा शर्ट वर यायचा आणि “काही आवाज?” विचारायचा. नुसतं “अहो” म्हणून पाहिलं. पण अहो कोणालाही म्हणतात, आणि जुन्या अर्थाच्या मते हाकेत कामाचा काही मागमूस हवा, नाहीतर ती नुसती हाकाटी. किल्ली योग्य हातात होती आणि तरी तिचा उपयोग नव्हता. ओतारींना त्या रात्री झोप लागली नाही.

इकडे वाटीचं प्रकरण वाढत चाललं होतं. बिल्डिंगच्या मोबाइल ग्रुपवर सरोजचा निरोप आला: “ओतारी सर यांची एक वाटी माझ्याकडे आहे. कृपया घेऊन जावी.” ओतारी गेले नाहीत. ते काही हट्टी गृहस्थ नव्हते, पण आपण दिलेली वाटी आपणच मागायला जायचं, आणि तीही रिकामी आणायची, हे त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. सरोजने पुन्हा निरोप टाकला. मग तिसऱ्यांदा टाकला, या वेळी सही करून. सामाईक भिंतीच्या दोन बाजूंचा वाद म्हटल्यावर नवा अर्थ धावत आला.

त्याने सरोजकडून वाटी मागून घेतली. सरोजच्या दारापासून ओतारींच्या दारापर्यंत चार पावलं असतील. त्यातली दोन तो व्यवस्थित चालला. मग थांबला, वाटीत पाहिलं, मागे फिरला आणि वाटी सरोजच्या ओट्यावर ठेवून आला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“जमत नाही,” त्याने फोनवर मॅडमना कळवलं. “हात पुढे होत नाही. ‘वाटी’च्या अर्थाने हरकत घेतली आहे.”

ओतारी दारात उभे होते. मॅडमचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला. “बरोबर आहे त्याचं. आपण ‘शेजार’ बदलला, ‘वाटी’ नाही बदलली. तो अजून सेवेत आहे. वाटी रिकामी परत जात नाही, हे त्याच्या कामात येतं.”

“मग ती भरून द्या असं सांगू का मी यांना?”

“कशाने भरणार? तुमच्या व्याख्येत खाण्याचा पदार्थ कुठे आहे?”

नव्या अर्थाने आपली व्याख्या मनातल्या मनात चाळली. भिंत, आवाज, गळती, गाडी. “नाही,” तो म्हणाला आणि फार खजील झाला. ओतारींनी त्याला पाणी दिलं.

वाटी सरोजच्याच ओट्यावर राहिली. भिंतीतून ओतारींना सगळं ऐकू यायचं. सकाळी वाटी उचलल्याचा आवाज, मग पावलं, मग दारापाशी शांतता, मग पावलं परत आणि वाटी ठेवल्याचा आवाज. दुपारी पुन्हा तेच. कधी वाटी घासल्याचा आवाज, घासलेलीच वाटी पुन्हा. पलीकडे बाई कासावीस झाली होती आणि अलीकडे म्हातारा, आणि दोघांच्या मध्ये नगरपालिकेने नेमून दिलेली एक भिंत होती. ओतारींना सरोजची फार कीव आली. आपली किल्ली तिच्या खिळ्यावर नाही याहीपेक्षा आपली वाटी तिच्या मानगुटीवर बसली आहे, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

तशात एके दुपारी त्यांनी शेंगदाणे भाजायला घेतले. वाटी जवळ नव्हती, पण हाताला सवय. दाणे तडतडायला लागले आणि ओतारींच्या डोळ्यांपुढे ओटा तिरपा झाला. गॅस बंद करण्याएवढी शुद्ध त्यांना राहिली. मग ते खाली बसले, बसल्याचे आडवे झाले, आणि जाताजाता कढई ओढली गेली. ती फरशीवर दणकन पडली.

पलीकडून भिंतीवर टकटक झाली आणि ओट्यावरचा मोबाइल वाजला. न बघताही ओतारींना मजकूर कळला: कृपया दुपारच्या वेळी भांडी आपटू नयेत. नवा अर्थ आपलं काम चोख करत होता. ओतारींनी समोरच्या ब्लॉकच्या दिशेने तोंड केलं. सगळं होतं. दार होतं, दाराला किल्ली होती, किल्लीला माणूस होता, माणूस घरातच होता. फक्त हाक नव्हती. इतकी वर्षं शब्दांच्या कचेरीत काढून आपण एका शब्दावाचून मरणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना रडू आलं.

त्यांना किती वेळ झाला ते कळलं नाही. दाण्यांच्या करपट वासात दुसराच एक वास मिसळायला लागला. वेलदोड्याचा. भिंतीपलीकडे कोणीतरी दूध आटवत होतं. मग पळीचा आवाज, वाटीत काही ओतल्याचा आवाज, आणि पावलं. या वेळी पावलं दारापाशी थांबली नाहीत.

बेल वाजली.

“ओतारी सर! शेवयांची खीर केली होती. वाटी आणलीय.”

ओतारींनी ओठ हलवले. पुन्हा बेल वाजली, मग पुन्हा.

“सर! दार उघडा ना. वाटी भरलेली आहे हो, मला आता परत नेता येत नाही!”

ते खरंच होतं. रिकामी वाटी पुढे जात नाही तशी भरलेली मागे जात नाही. त्या बाबतीत ‘वाटी’चा अर्थ फार कडक. सरोज जिन्यात अडकली होती. ओतारींना तिच्या चपलांची घालमेल ऐकू येत होती. मग ती वळली असावी, कारण तिचा आवाज समोरच्या ब्लॉककडे गेला.

“अहो! कोणी आहे का? अहो, वाटी आलीय, आणि नाना दार उघडत नाहीत!”

‘नाना’ कधी निसटलं ते तिलाही कळलं नसावं. समोरचं दार धाडकन उघडलं. जुन्या अर्थाने आजवर कुठल्याही हाकेला विचारलं नव्हतं की मी कोण म्हणून येऊ. या हाकेत कामाचा मागमूस होता, तेवढं त्याला पुरे झालं. सपाता फरफटत आल्या, किल्ली फिरली, आणि तो बेल न वाजवता आत शिरून सवयीने थेट स्वयंपाकघरात आला.

“हे इथे आहेत,” तो म्हणाला.

इस्पितळात जाताना रिक्षात ओतारींचं डोकं जुन्या अर्थाच्या मांडीवर होतं. सरोजच्या हातात खिरीची वाटी होती. ती खाली ठेवायची सोय नव्हती. जिची वाटी तिच्या घरच्या माणसाने ती हातात घेईपर्यंत धरूनच ठेवावी लागते. खड्ड्याखड्ड्यांतून ती वाटी तिने सरळ धरली, आणि दुसऱ्या हाताने नानांना.

इस्पितळाच्या खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “पेशंटच्या तुम्ही कोण?”

सरोजने तोंड उघडलं. ओतारी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तिच्याकडे पाहत होते. जुना शब्द तिच्या ओठांवर आलेला त्यांना दिसला, आणि तो तिने गिळलेलाही दिसला. तो आता गाड्यांच्या जागेत गुंतलेला होता, इथे काय कामाचा?

“मी त्यांची वाटी परत करायला आलेय,” सरोज म्हणाली.

“नातं सांगा, बाई. नातं काय?”

“वाटी.”

कारकुनाने ‘वाटी’ असं टाइप केलं. “आणि सपातावाले हे?”

“तेही वाटीच.”

“आत दोघांना सोडतो,” कारकून म्हणाला. “या आठवड्यात वाट्याच फार येतायत.”

चमच्याने खीर भरवली तेव्हा कुठे सरोजचा हात मोकळा झाला. तो दुखत होता. ती पलंगाच्या कडेला बसून हात चोळत राहिली आणि मग हमसून हमसून रडली. ओतारींना फार बरं वाटत होतं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. लोकांनी शब्द आधी वापरला, विभागाने नंतर कायम केला. ‘वाटी’च्या अर्थाला मॅडमनी बोलावून विचारलं की जागा वाटून घ्यायला हरकत आहे का. तो म्हणाला, हरकत कसली, आमटी आणि कोशिंबिरीचं माझ्याकडे राहू द्या, बाकीचं मी एकट्याने किती दिवस ओढायचं? जुना अर्थ सोमवारी रुजू झाला. समारंभ नव्हता, तरी ‘भयंकर’ येऊन गेला. ‘शेजार (कंत्राटी)’ कायम झाला; तो उत्तम काम करतो, आणि ‘स्वप्नपूर्ती’त गाड्यांवरून आता भांडण होत नाही.

ओतारी घरी आले त्या दिवशी सरोज आत आली ती बेल न वाजवता. तिने फडताळ उघडलं, गोळ्या तपासल्या, जुन्या अर्थाकडून किल्ली घेतली आणि कोणाला न विचारता आपल्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून टाकली. दुपारी क्षमाचा फोन आला.

“बाबा, गोळ्या घेतल्या? कडी लावली नाही ना? आणि ती किल्ली कोणाकडे ठेवलीत शेवटी?”

“वाटीकडे,” ओतारी म्हणाले.

“भिंतीपलीकडच्या?”

“भिंतीपलीकडची एक, आणि जिन्यासमोरची एक.”

“दोन दोन आहेत तुम्हाला?” क्षमा म्हणाली. “इथे मला एकसुद्धा नाही, बाबा.”

“मग एखादी पाठव की कोणाकडे,” ओतारी म्हणाले. “आत काहीही घाल. साखर चालते.”

त्यांनी फोन ठेवला आणि शेंगदाणे भाजायला घेतले.